पहिल्या मानाची तार

देवस्थानच्या ऑफिसात पाऊल टाकलं, तर माझ्या स्विचला कुणीतरी झेंडूची माळ घातलेली. भिंतीवरच्या कपाटात बसवलेला तो काळा, लांबट डबा. त्याला कपाळ कुठून असणार? पण जिथे असावं असं वाटलं, तिथे हळदीकुंकवाची दोन ठसठशीत बोटं उमटली होती. वर आंब्याची डहाळी, खाली विडा-सुपारी, समोर विझलेलं निरांजन. आणि डब्यावरचे हिरवे दिवे असे लुकलुकत होते, जणू स्वारी आत्ताच पुरणाचं जेवून उठली आहे.

"प्रसन्न दिसतोय की नाही?" पागेकाका म्हणाले. मग आवाज खाली आणून, "फक्त काम करत नाहीये."

पागेकाका म्हणजे निवळगावच्या व्यंकटेश देवस्थानचे व्यवस्थापक. अंगानं किरकोळ, पण उत्सवाच्या दिवसांत एकाच वेळी स्वयंपाकघरात, सभामंडपात आणि पायरीवर दिसणारा माणूस. त्यांचा फोन आला तेव्हा मी तालुक्याला माझ्या दुकानात नैवेद्याचं पान मांडत होते. ते पान तसंच देवासमोर ठेवलं, स्कूटरला किक मारली आणि निघाले. कारण त्या संध्याकाळी काय होणार होतं ते सगळ्या निवळगावाला ठाऊक होतं, आणि काय बिघडलंय ते फक्त आम्हा दोघांना.

स्विच म्हटलं की लोकांना दिव्याचं बटण आठवतं. हा तसा नव्हे. ऑफिसातले कॉम्प्युटर, देणगीची खिडकी, आवारातले कॅमेरे, मंडपातला मोठा कॅमेरा, भक्तनिवासातला टीव्ही, या सगळ्यांच्या तारा ज्या डब्यात येऊन मिळतात आणि एकाचा निरोप दुसऱ्याला पोचतो, तो हा डबा. तारा ओढायच्या, डबे बसवायचे, यंत्रांना एकमेकांशी बोलतं करायचं, हा माझा धंदा. आणि कीर्तन ही माझी आवड. आवड हा शब्द तोकडा पडतो. स्वर्गात काय हवं असं कुणी विचारलंच, तर मी सांगेन, पुढच्या रांगेत जागा द्या आणि बुवांचा गळा मोकळा असू द्या, बाकी तुमचं तुम्ही बघा.

माझे बुवा म्हणजे यशवंतबुवा निरगुडकर. व्यंकटेशाच्या नवरात्रात नवमीचं कीर्तन त्यांचं, हे मी फ्रॉकात होते तेव्हापासून बघत आलेली. झांज एकदा वाजली की मंडपातली लहान पोरंसुद्धा खोकायची थांबत. त्या वर्षी मात्र उन्हाळ्यात बुवांचा खुबा मोडला. अंथरूण धरलं ते धरलंच. नवमीचं कीर्तन त्यांची मुलगी उमा करणार असं ठरलं. उमाताई मराठी शाळेत शिकवायची, वडिलांच्या मागं झांज घेऊन उभं राहण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलेलं. पण उपरणं खांद्यावर घेऊन नारदाच्या गादीवर ती आजवर एकदाही उभी राहिली नव्हती.

आता निरगुडकरांच्या घरात एक रीत होती. शिष्याचं पहिलं कीर्तन गुरूनं नमनापासून आरतीपर्यंत बघायचं. बघायचं, नुसतं ऐकायचं नव्हे. बुवा म्हणत, कीर्तन निम्मं गळ्यात असतं आणि निम्मं पावलात. पाऊल चुकलं तर ते कर्ण्यातून ऐकू येत नाही. गुरूनं तसं बघितलं आणि मान डोलावली, की तो शिष्य कीर्तनकार. नाही तर तो आपला हौशी. डॉक्टरांनी बुवांना गाडीतून भक्तनिवासाच्या तळातल्या खोलीपर्यंत आणायला परवानगी दिली होती, पुढे एक पायरीही नाही म्हणून बजावलं होतं. मंडप तर चांगला उंच जोत्यावर. मोबाइलवर दाखवावं म्हटलं, तर त्या दगडी भिंतींत रेंज शिरत नव्हती. शेवटी मी मंडपातल्या कॅमेऱ्यापासून स्विचपर्यंत आणि स्विचपासून बुवांच्या खाटेसमोरच्या टीव्हीपर्यंत तार ओढली. आदल्या दिवशी सकाळी अष्टमीचा काकडा त्या टीव्हीवर इतका लख्ख दिसला, की बुवा म्हणाले, "वैजू, गुरवाच्या धोतराची इस्त्रीसुद्धा दिसतेय गं."

आणि आज खंडेनवमीला टीव्ही काळाठिक्कर.

"काय केलंत तुम्ही याला?" मी विचारलं.

पागेकाकांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांना पश्चात्ताप सोडाच, थोडा अभिमानच वाटत होता. खंडेनवमीला देवस्थानची सगळी आयुधं पुजायची. स्वयंपाकघरातले झारे आणि विळ्या, गुरवाचा कोयता, कर्ण्याचा ॲम्प्लिफायर, जनरेटर. या वर्षी स्विच नवा. मग नव्याची पूजा जुन्यापेक्षा नीट नको का व्हायला? सगळ्या तारा काढल्या. डबा कोरड्या फडक्यानं पुसला. मग मुहूर्तावर, तारांना मी बांधलेल्या कागदी चिठ्ठ्या वाचून, तारा परत लावल्या. पूजेच्या ओल्या हातांनी त्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला, तेव्हा त्या टाकून दिल्या.

"जशा होत्या तशा?"

"छे. तुझी लावणी अगदीच कशीतरी होती. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. आम्ही मानाप्रमाणे लावल्या."

मी खाली बसले.

मान ही निवळगावची जुनी दुखरी गोष्ट. पालखीला पहिला खांदा कुणाचा, तीर्थ पहिलं कुणाला, चवरी कुणी ढाळायची, सगळ्याची उतरंड ठरलेली. त्या उतरंडीनं पागेकाकांनी तारा बसवल्या होत्या. पहिल्या भोकात देव, म्हणजे गाभाऱ्यातला कॅमेरा. मग मंडप, मग नगारखाना, मग अन्नछत्र. ऑफिस त्याच्या खाली, आणि चपलांच्या स्टँडावरचा कॅमेरा तळाशी.

"भोकं सगळी सारखीच तर आहेत," काका म्हणाले.

दिसायला सारखीच. पण मी त्या डब्याच्या आत भोकांचे वेगवेगळे गट पाडून ठेवले होते, म्हणजे देणगीच्या कॉम्प्युटरात कुणी उपटसुंभानं डोकावू नये आणि कॅमेऱ्यांच्या गर्दीत कीर्तनाचं चित्र अडकू नये. हे काकांना कसं सांगावं याचा विचार करत असताना अन्नछत्रातून साबुदाण्याच्या खिचडीचा वास आला, आणि उदाहरण सापडलं. मी म्हटलं, काका, नवरात्रात पंगत मांडता तेव्हा उपासाचे पाट एकीकडे आणि जेवणाऱ्यांचे एकीकडे. वाढपी चेहरा बघून वाढत नाही, पाट बघून वाढतो. तुम्ही काय केलंत, पाट तसेच ठेवलेत आणि माणसं उठवून मानाप्रमाणे बसवलीत. आता उपासवाल्याच्या पानात आमटी पडतेय आणि जेवणारा वरईकडे बघत बसलाय. आणि ते पहिलं भोक, तो तर पाटच नव्हता. वाढप्यानं यायचं दार होतं ते. राउटरची तार होती तिथे. त्या दारात तुम्ही नेमका पाहुणा बसवलात.

काका गंभीर झाले. पंगतीत असली चूक म्हणजे ब्रह्महत्येच्या खालोखाल.

"मग लाव बाई पूर्वीसारख्या."

मी उठले, हात पुढे केला, आणि दारातून काठीचा आवाज आला.

"तारांना हात लागता कामा नये."

रंगनाथराव हसबनीस. देवस्थानचे मुख्य विश्वस्त, गावाचे मालक. डोक्यावर काळी टोपी, हातात काठी, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आत्ताच कुणीतरी त्यांच्या आधी तीर्थ घेतलंय. पुजलेलं आयुध उद्या उत्तरपूजा होईपर्यंत जागचं हलवायचं नसतं, एवढं एकच त्यांनी सांगितलं, आणि ते बाहेरच्या ओवरीत जाऊन बाकावर बसले.

खरं सांगायचं तर नियम मलाही मान्य होता. आमच्या घरी खंडेनवमीला आई शिवणाच्या सुईलासुद्धा हात लावू देत नसे; सदऱ्याचं बटण तुटलं तर वडील दसऱ्यापर्यंत टाचणी लावून हिंडत. पण रंगनाथरावांनी हा नियम नेमका आज, नेमका या तारांना लावावा, याचा मला मनापासून राग आला. कारण त्यांचं आणि बुवांचं बरीच वर्षं बोलणं बंद होतं.

दोघं एका बाकावर शिकलेले. एकाच आंब्यावरून पडलेले. पण एका वर्षी काल्याच्या कीर्तनात मानाचा नारळ बुवांनी हसबनिसांना द्यायच्या आधी म्हाताऱ्या तबलजीच्या ओंजळीत ठेवला, कारण त्या तबलजीचं ते शेवटचं वर्ष होतं. मंडपात टाळ्या पडल्या. रंगनाथराव उठले नाहीत, बोलले नाहीत. तेव्हापासून बुवांशी बोललेच नाहीत. गंमत अशी, की कीर्तन एकही चुकवलं नाही. पहिल्या रांगेत त्याच खुर्चीवर बसायचे, आणि कीर्तन संपलं की पागेकाकांकरवी निरोप धाडायचे, बुवांना सांगा, दुसरं पद ओढत नेलं. बुवाही त्याच वाटेनं परत पाठवायचे, मालकांना सांगा, पदाला घाई नव्हती, त्यांना जेवणाची होती. पागेकाका दोन्हीकडचे निरोप निम्मे गाळून पोचवत, म्हणून गावात शांतता होती.

तर हे रंगनाथराव. मला वाटलं, बुवांना मुलीचं कीर्तन दिसू नये म्हणूनच चाललंय हे सगळं. असं वाटणं खंडेनवमीला बरं नव्हे, पण वाटलं.

तेवढ्यात उमाताई आली. नऊवारी नेसून, केसांत शेवंती माळून तयार. हातातली झांज ती उगाच एका हातातून दुसऱ्या हातात करत होती. टीव्ही बंद आहे हे तिला कळलेलं होतं. ती रागावली नाही, रडली नाही; फळ्यावर गणित मांडावं तसं सरळ म्हणाली, "वैजू, अण्णांना दिसायला लागल्याशिवाय मी नमनाला उभी राहणार नाही. लोक उठून गेले तर जाऊ देत."

"आणि उद्या केलंस तर?" पागेकाका म्हणाले.

"नवमीचं कीर्तन दशमीला? आणि पुढच्या नवमीला अण्णा…" तिनं वाक्य तिथेच सोडलं, झांजेची दोरी बोटाला गुंडाळली आणि ती निघून गेली.

मंडपात सतरंज्या पसरल्याचा आवाज येऊ लागला होता. पेटीवाल्यानं सूर धरून बघितला. मी त्या डब्याकडे बघत बसले, आणि बघता बघता मनात आलं, अगं बाई, तार हलवायची नाही, ठीक. माणसं उठवायची नाहीत. पण पाट कुठे पुजलेत यांनी? पाट तर आत आहेत.

मी पागेकाकांना म्हटलं, "तारा जिथे आहेत तिथेच राहू देत. मी डब्याची आतून समजूत घालते. चालेल?"

"आतून म्हणजे?"

मी पिशवीतून माझी निळी चपटी तार काढली. लॅपटॉपमधून निघून डब्याच्या बाजूच्या एका खास भोकात जाणारी. नेहमी दुरून करता येणारं काम आता दुरून होणार नव्हतं, कारण दुरून यायची माझी वाटही मानाप्रमाणे कुठेतरी बसवून टाकलेली होती. काकांनी त्या निळ्या तारेकडे संशयानं पाहिलं. नवी तार जोडणं हे हलवण्यात मोडतं की नाही, यावर ते थोडा वेळ थबकले. मी सांगितलं, ही तार नव्हे, ही वैद्याची नळी. छातीला लावायची, ऐकायचं, काढून घ्यायची. वैद्यानं देवाच्या पुजाऱ्याला तपासलं तर पूजा मोडते का? काका म्हणाले, नाही मोडत, आणि स्वतःच माळ अलगद बाजूला धरून उभे राहिले.

भोकात कुंकू शिरलं होतं. चांगलं चिमूटभर. पूजेच्या तबकात उरलेली एक फुलवात घेतली, तिचं टोक वळून बारीक केलं आणि हलक्या हातानं भोक साफ केलं. वात लाल होऊन बाहेर आली. काकांनी ती टाकू दिली नाही; निर्माल्यात ठेवली.

नळी लागली. लॅपटॉपवर डब्यानं नाव सांगितलं. पासवर्ड मागितला, तो दिला. आणि मग मी त्याला विचारलं, बाबा रे, तुझ्याकडे कुठल्या पाटावर कोण बसलंय ते सांग.

हे या डब्यांचं मला फार आवडतं. प्रत्येक यंत्राला जन्मतःच स्वतःचा एक आकडा चिकटलेला असतो, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखा. आणि डबा तो ओळखतो. मी बसवलेल्या सगळ्या यंत्रांचे आकडे लॅपटॉपात होतेच. राउटर सापडला आवारातल्या कॅमेऱ्यांच्या पंगतीत, बिचारा कुणी विचारत नाही म्हणून गप्प बसलेला. मी त्या भोकालाच दार करून टाकलं. लगेच ऑफिसातला कॉम्प्युटर खडबडून जागा झाला आणि काकांनी डब्याला हात जोडले. मंडपातला कॅमेरा दुसऱ्याच आळीत होता, त्याचा पाट कीर्तनाच्या पंगतीत आणला. देणगीची खिडकी चपलांच्या स्टँडाशेजारी बसवली होती. तिलाही तिची पंगत मिळाली. एकेक पाट उचलायचा, माणूस बसलाय त्याच्याच खाली नेऊन सरकवायचा, माणसाला कळूसुद्धा द्यायचं नाही. घामानं माझी पाठ भिजली होती, पण मजा येत होती हे नाकारत नाही. काका मधून मधून मंडपाच्या दाराशी जाऊन बघून येत आणि सांगत, पुढच्या सतरंज्या भरल्या. मग, खांबापर्यंत भरलं. मग नुसतेच हातानं खुणावत.

सगळ्यात शेवटी पहिलं भोक. देवाचं. तिथे गाभाऱ्यातल्या कॅमेऱ्याचा आकडा दिसणार म्हणून मी कॅमेऱ्यांच्या पंगतीचा हुकूम लिहूनही ठेवला होता, आणि बोट थबकलं.

तिथला आकडा कॅमेऱ्याचा नव्हता.

गाभारा दुसऱ्या भोकात निघाला. पहिल्यात बसला होता भक्तनिवासातला टीव्ही. बुवांच्या खोलीतला.

मी काकांना विचारलं, पहिल्यात देव बसवला म्हणालात ना? ते शपथेवर म्हणाले, पहिला मान देवाचाच, दुसरा कुणाचा असणार. मग आठवून आठवून सांगू लागले, की तिसऱ्यापासून पुढच्या तारा त्यांनी स्वतः लावल्या. पहिल्या दोन मात्र मालकांनी. काकांना फुलं आणायला पिटाळून. जाता जाता काकांनी पाहिलं होतं, मालक चिठ्ठ्या वाचून वाचून एक तार निवडत होते.

"गाभाऱ्याची समजून चुकून लावली असेल," काका म्हणाले.

"चुकून नाही," मागून आवाज आला.

रंगनाथराव दारात उभे होते. किती वेळ होते कोण जाणे. काठीवर दोन्ही हात, नजर आमच्याकडे नाही, त्या माळ घातलेल्या डब्याकडे.

"देव सगळ्या भोकांत आहे," ते म्हणाले. "त्याला वेगळं भोक कशाला लागतंय? येशा एका खोलीत पडलाय."

  ज्या माणसाला मी मघापासून मनातल्या मनात लाखोली वाहत होते, त्यानं आपल्या गावात देण्यासारखी जी सगळ्यात मोठी गोष्ट होती ती गुपचूप, कुणी नसताना, मित्राला देऊन टाकली होती. आणि नेमक्या त्यानंच सगळं बंद पडलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो बिघाड त्यांच्या मानापायी झाला, हे त्यांना सांगणं माझ्या जिवावर आलं. मी सांगितलं नाही. पागेकाकांनीही तो निरोप, त्यांच्या सवयीप्रमाणे, गाळला.

"दिसणार का त्याला?" रंगनाथरावांनी विचारलं.

"दिसणार. जागा न हलवता दिसणार," मी म्हटलं.

लिहून ठेवलेला हुकूम पुसला. पहिल्या भोकाला कीर्तनाच्या पंगतीत घेतलं. वर आणखी एक केलं, जे गरजेचं नव्हतं: डब्याला सांगून ठेवलं, की गर्दी झालीच तर पहिल्या भोकाचं आधी वाढायचं. मग सगळं जतन केलं, नाही तर वीज गेली की हे डबे झोपेतून उठल्यासारखं सगळं विसरतात. नळी काढली. काकांनी माळ पुन्हा सारखी केली. झेंडूचं एक फूलसुद्धा जागचं हललं नव्हतं.

मी अनवाणीच भक्तनिवासाकडे पळाले.

बुवांच्या खोलीत उदबत्तीचा आणि औषधाच्या तेलाचा वास मिसळलेला. उशांना टेकवून त्यांना अर्धवट बसवलं होतं. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला फेटा. अंथरुणातल्या माणसानं फेटा बांधावा, हे फक्त बुवाच करू जाणे. आणि समोर टीव्हीत मंडप. उमाताई गादीशेजारी, उपरणं हातात, डोळे दाराकडे लावून उभी.

मी खिडकीतून काकांना हात केला, काकांनी मंडपाच्या पायरीवरून तिला. टीव्हीत ती क्षणभरानं हलली. तेवढा उशीर यंत्राला लागतोच. तिनं उपरणं खांद्यावर घेतलं, गादीला वाकून नमस्कार केला, आणि झांज वाजली.

 बुवांचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे नव्हतंच. पावलांकडे होतं. ती पुढे आली की यांची मान पुढे, ती वळली की यांचा खांदा वळायचा. नमन झालं. पद सुरू झालं. एके ठिकाणी ती जरा अडखळली, आणि पाऊल मागे घेऊन तिनं ताल असा सावरला, की मीही सतरंजीवर असते तर माझ्या लक्षात आलं नसतं. बुवांच्या आलं. ते स्वतःशीच म्हणाले, "हे मी नाही शिकवलं."

मग त्यांनी विचारलं, दुपारभर काय घोळ होता. मी सगळं सांगितलं. झेंडूची माळ, मानाची उतरंड, फुलवात. बुवा खाट हलेपर्यंत हसले. हसू ओसरल्यावर मी तेही सांगितलं, की पहिल्या भोकात तुमची तार आहे, आणि ती कुणी लावली. ते हसायचे थांबले. टीव्हीकडे बघत हळूच म्हणाले, "रंग्याची खुर्ची रिकामी दिसतेय गं. पहिल्या रांगेतली. त्याची टोपी नेहमी मध्ये येते."

मी टीव्हीत बघितलं. खुर्ची खरंच रिकामी होती.

दारात काठी वाजली. रंगनाथराव आत आले आणि थेट भिंतीशी जाऊन उभे राहिले. बुवांनी मान वळवली नाही. टीव्हीत उमाताई आख्यानाला लागली होती, बुवांनीच रचलेलं, देवाला ओळखून न ओळखल्यासारखं करणाऱ्या एका नावाड्याचं. दोघंही बघत होते. थोड्या वेळानं रंगनाथराव माझ्याकडे वळून म्हणाले, "बुवांना सांग, मुलीनं पट्टी उंच घेतलीय."

मी बुवांकडे बघितलं.

"मालकांना सांग, तिचा गळा तेवढा आहे. बापाचा नव्हता."

"बुवांना सांग, बापाचाही होता. बापाला कळत नव्हतं."

"मालकांना सांग, हे तेव्हा सांगायचं होतं."

दोघं दोन हातांवर, मी मध्ये. बोलणं माझ्याकडे बघून, ऐकणं एकमेकांचं. पुढचा निरोप यायच्या आत मी म्हटलं, मला मंडपात जायला हवं, इथून झांज बारीक ऐकू येते. आणि कुणी अडवायच्या आत बाहेर पडले, दार ओढून घेतलं.

मंडपात काही मी लगेच गेले नाही. ओवरीत खांबाला टेकून उभी राहिले. आत बराच वेळ नुसता टीव्हीतला आवाज येत होता, उमाताईचा, नावाडी देवाला म्हणत होता की आधी पाय धू आणि मग होडीत ये. मंडपातून तोच आवाज क्षणभर आधी येत होता आणि त्याच्या मागून तो खोलीतून.

मग खाट करकरली.

"येशा, जरा सरक. इथून तिची पावलं दिसत नाहीत."